आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायला कुठला माईक घेऊ?

विचारलंय असं: म्हापशात वाढलेल्या 82 वर्षांच्या आजीच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, माईक कुठला घेऊ आणि विचारायच्या प्रश्नांची तयार यादी कुठे मिळेल?

माईक घेऊ नका, फोन पुरे. फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा आणि फोन टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर प्रत्येक कपबशीचा आवाज येतो. कौलारू घर असेल तर पावसाळ्यात या फंदात पडू नका. माझ्याकडे जुलैतली पाऊण तासाची एक फाइल आहे, तिच्यात फक्त पाऊस बोलतो.

प्रश्नांच्या यादीचं नाव काढलंत आणि माझं डोकं फिरलं. आमच्या घरात अशी यादी झाली होती.

यादी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची. सहा वर्षांपूर्वी त्याने घराण्याची पुस्तिका काढायचं मनावर घेतलं. आत्या 1950 ची, जन्म आणि बालपण डिचोलीत. जुन्या घरातली आता तीच उरली आहे. दादाने चाळीस प्रश्न टाइप करून आणले. आत्याला चांगली साडी नेसायला लावून सालात, म्हणजे दिवाणखान्यात, खुर्चीवर बसवलं आणि पहिला प्रश्न वाचला, 'पोर्तुगीज राजवटीत सर्वसामान्यांचे जीवन कसे होते?' आत्या म्हणाली, "बरें आसलें." (चांगलं होतं.) संपलं.

दुसरा प्रश्न गोवामुक्तीचा. इथे ती जरा खुलली. पूल फुटल्याचा आवाज कसा आला, भात उकडायच्या भाणावरचं झाकण कसं थरथरलं, आजीने पोरांना कसं माळ्याखाली ओढलं, असं सांगता सांगता म्हणाली, "बुधवार आसलो, बाजाराचो दीस." दादाने लगेच अडवलं, "आत्या, चूक. 18 डिसेंबर 1961 ला सोमवार होता." बरोबरच होतं त्याचं. भारतीय फौजा आत शिरल्या तेव्हा त्यांना अडवायला पोर्तुगिजांनी डिचोलीचा पूल उडवला तो सोमवारीच. मी कॅलेंडर काढून पाहिलं आहे.

आत्याने पदर नीट केला आणि म्हणाली, "तुका चड खबर, तूंच सांग." (तुला जास्त माहीत, तूच सांग.) उरलेल्या अडतीस प्रश्नांना 'हय' आणि 'ना'. दादा उठताना मला म्हणाला, आत्याची स्मरणशक्ती गेली.

स्मरणशक्ती कुठेही गेली नव्हती. आठवड्याभराने मी एकटाच गेलो तेव्हा ती आडोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ कातत होती. फोन शेजारच्या पाटावर उपडा ठेवला आणि विचारलं, त्या बुधवारी आजीने बाजारात काय विकलं? बस. त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. तो 20 तारखेचा बुधवार, भारताच्या राज्यातला डिचोलीचा पहिला बाजार. आजी केळ्यांचे दोन फणे घेऊन बसली होती. एका पगडीवाल्या शिपायाने एक फणा उचलला आणि सिंहाचं नाणं पुढे केलं. आजीला एस्कुदो माहीत. तेसुद्धा दोन-तीन वर्षांपूर्वीच जुन्या रुपयांच्या जागी आलेले, घरचा हिशोब अजून रुपयांतच चालायचा. हे तिसरं नाणं चालतं की नाही हे विचारत ती चार दुकानं फिरली आणि घरी येऊन ते पिठाच्या डब्यात लपवलं. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात पुलाचा आवाज आणि ते नाणं एकाच दिवसात जाऊन बसलं. वार चुकला म्हणून तिला गप्प केलं, आणि नाणं हातचं गेलं होतं ते थोडक्यात वाचलं.

त्याच बैठकीत तिने दुसरी गोष्ट सांगितली. पुस्तिकेत आली नाही ती हीच.

1967 चा 16 जानेवारी. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, याचा कौल. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासिताला दोन पानं. आमचं घर फुलाचं. आजोबा फुलाच्या प्रचाराला वाडोवाडो हिंडायचे, थोरले काका भिंती रंगवायचे. आत्या सोळा-सतरा वर्षांची, म्हणजे तिला मत नव्हतं. ती धाकट्या भावाला काखेत घेऊन आजीबरोबर केंद्रापर्यंत गेली होती. निकाल लागला, पानं 34,021 मतांनी जिंकली. आजोबा न जेवता आत जाऊन पडले. आजी स्वयंपाकघरात नारळाची सोय कातत होती, याच आडोळीवर. आत्याने हळूच विचारलं, आई, आता कसं होणार? आजीने मान वर न करता सांगितलं, "फूल देवाक, पान म्हाका."

रेकॉर्डिंगमध्ये हे वाक्य आत्या आजीच्या आवाजात म्हणते. मग आडोळीची खरखर थांबते, ती हसते, आणि खरखर पुन्हा चालू होते.

मी फाइल दादाला पाठवली. त्याचं म्हणणं, आजीला वाचता येत नव्हतं, चिन्ह चुकलं असेल. दिवसातून चार वेळा विडा खाणारी बाई, आणि तिला पान ओळखता आलं नाही! फूल आणि पान यांतला फरक कळायला शाळा लागत नाही. पुस्तिकेत छापून आलं, 'संपूर्ण घराण्याने विलीनीकरणाच्या बाजूने कौल दिला.' आत्याच्या वाट्याला दोन ओळी, त्याही 'परकीय जोखड' वगैरे. ती आयुष्यात कधी जोखड म्हणाली नसेल, ती 'पाखल्यांचो काळ', म्हणजे पोर्तुगिजांचा काळ, म्हणते. आमच्या घरात लिहायचं मराठीत आणि भांडायचं कोंकणीत, हे मला मान्य आहे. मी हे उत्तरही मराठीतच लिहितो आहे. पण ती जे कोंकणीत बोलली ते कोंकणीतच राहू द्या, वाटलं तर खाली मराठी अर्थ द्या. 'फूल देवाला, पान मला' असं करून पाहा, त्यातली आजी निघून जाते.

तेव्हा यादी नकोच. वस्तू हातात द्या. म्हापशाची आहे तर शुक्रवारचा बाजार विचारा. मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीला, काय काय घ्यायचे, मिरच्या कुठल्या, सुकी मासळी कोण घासाघीस करून आणायचं. पोदेर, म्हणजे पाववाला, किती वाजता यायचा हे विचारलं की गल्लीतली घरं ती ओळीने सांगेल. मांडवीवर पूल नव्हता तेव्हा गाझोलिनातून, म्हणजे लाँचमधून, पणजीला कुणाबरोबर गेली, ते विचारा. 'तुझं बालपण कसं होतं' विचाराल तर 'बरें आसलें' एवढंच मिळेल. आणि घरात तारखा माहीत असलेला कोणी असेल तर त्याला त्या वेळी दुकानात पाठवा.

दादाची बाजूही सांगायला हवी. रेजिष्टाराच्या कचेरीत खेपा घालून सहा पिढ्यांची नावं त्याने शोधली, छपाईचे पैसेही त्यानेच भरले. तारखा त्याच्या बरोबर आहेत. आजी लेकीची थट्टा करत होती की काय, हेही आता कोण सांगणार? आणि परवानगी विचारा. आत्याने त्याच दिवशी शेजारच्या घरातलं काहीतरी सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "हें कोणाक सांगूं नाका हां." तो तुकडा मी तिच्यासमोर पुसला. फुला-पानाचं मात्र ती म्हणाली सांग, आता कोण रागावणार.

फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा. फोन बदलताना माझ्या दोन गेल्या. आणि त्याच दिवशी फाइलला नाव द्या. आमची ती अजून 'रेकॉर्डिंग 14' म्हणूनच पडली आहे, दर वेळी शोधायला आधीच्या तेरा ऐकाव्या लागतात.