भरतीची पहिली रात्र

प्रिय डॉक्टर,

पालिकेच्या रुग्णालयात मेडिसिनची पोस्टिंग सुरू झाली म्हणालास, म्हणून मुद्दाम लिहितेय. सुईने ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन, घेणारा पेशंट तुझ्याकडे ताप, धाप, नाहीतर पिकलेला हात घेऊन येईल. ब्लड कल्चर, इको, हृदयाच्या ट्रायकस्पिड झडपेचा संसर्ग, शिरेतून अनेकदा ४ ते ६ आठवडे अँटिबायोटिक, हे सगळं तुला येतं. पण तेवढे आठवडे तो खाटेवर राहणार का, हे बहुतेक वेळा पहिल्या रात्रीच ठरतं.

शेवटच्या डोसनंतर ८ ते १२ तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होते. जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पायांत गोळे, जुलाब. तो सिस्टरांवर ओरडतो, सलाइन उपटतो, पहाटे गेटबाहेर पडतो. सकाळी फाइलवर 'डामा', म्हणजे डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध गेला, असं लिहिलं जातं आणि वॉर्डबॉय मामा खाट पुसून घेतात. राउंडला कुणी 'गर्दुल्ले असेच असतात' म्हणालं तर मान डोलावू नकोस. त्याच्या आजाराचा अर्धा भाग आपण बघितलाच नाही, म्हणून तो गेला.

भरती करतानाच विचार: काय घेतोस, किती, शेवटचं कधी? नातेवाइकांना बाहेर थांबव, आणि पोलिसांसाठी विचारत नाही हे आधी सांग. सायकियाट्रीचा कॉल त्याच संध्याकाळी जाऊ दे. टर्की शमवणारी बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली देतात, तेही टर्की स्पष्ट दिसू लागल्यावरच. घाई केलीस तर त्या गोळीनेच टर्की भडकते. तो आधीच ओएसटीवर, म्हणजे हेरॉइनऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या पर्यायी औषधावर, असेल तर केंद्राला फोन करून डोसची खात्री कर आणि तो चालू ठेव.

दुखण्याबद्दल त्याच्यावर विश्वास ठेव, हे मी कळकळीने सांगते. अफूवर्गीय औषधांची शरीराला सवय झालेली असते, त्यामुळे नेहमीच्या डोसने त्याची वेदना शमत नाही. गळू फाडताना पॅरासिटामॉलवर भागवणं हा छळ आहे.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी, सी तपास, पण समजावून, संमती घेऊन. एचआयव्हीसाठी तर २०१७चा कायदाच तसं सांगतो. हिपॅटायटिस सीचं औषध राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतं.

सुट्टी देताना ओएसटी केंद्राचा पत्ता आणि पुढच्या डोसची तारीख कागदावर लिहून दे. सोबत्यालाही बोलाव. वॉर्डात हेरॉइनशिवाय आठवडे गेले की शरीराची सवय उतरते. बाहेर जाऊन पूर्वीइतकंच घेतलं तर श्वास थांबू शकतो, हे दोघांनाही स्पष्ट शब्दांत सांग.