अलिया करावी की ठाण्यातच राहावं: अश्दोदहून एका भावाला उत्तर

तुझा मेसेज सकाळी वाचला आणि दिवसभर डोक्यात राहिला. तू ३४ चा, अकाऊंट्समध्ये नोकरी, बायको, सहा वर्षांची मुलगी, आणि आई जिला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. २०२३ च्या दिवाळीनंतर अलिया करायची, म्हणजे ज्यू म्हणून इस्रायलला कायमचं राहायला यायचं ठरलं होतं, ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला झाला आणि फाईल तशीच कपाटात राहिली. आणि शेवटी एकच ओळ, "ताई, विश्वास ठेवून यावं की भीती ऐकून थांबावं, खरं सांगा." खरं सांगते, पण लांब होईल, चहा घेऊन बस.

बघ, इराकचे, येमेनचे, पोलंडचे ज्यू या देशात आले ते जीव मुठीत धरून आले. आपण बेने इस्रायली, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, तसे आलो नाही. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली असं आपले जुने लोक सांगतात, तेव्हापासून कोकणाने आपल्याला सांभाळलं, शनिवारी, आपल्या शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून शनिवार तेली म्हटलं, पेणकर रोहेकर दिवेकर अशी गावांची नावं आडनावाला लावून दिली. १९४८ नंतर जे निघाले त्यांच्यामागे कोणी काठी घेऊन लागलं नव्हतं. ते निघाले कारण पिढ्यान् पिढ्या ज्या जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना केली त्या देशाचं दार आता उघडं झालं होतं. म्हणून मला मनापासून वाटतं की आपल्या माणसासाठी हा निर्णय मुळातच विश्वासाचा आहे, त्यात भीती शिरली की ती दोन्ही बाजूंनी खेचते. एक भीती म्हणते रॉकेट पडतात, जाऊ नको. दुसरी भीती म्हणते ठाण्यात आपलं कोणी उरलं नाही, मुलीचं लग्न कुठे होणार, लवकर निघ. तुझ्या मेसेजमध्ये दोन्ही आहेत रे. "सगळे गेले, आम्हीच राहिलो" हे तूच लिहिलंयस. एकटं पडायच्या धास्तीने इथे येशील तर पहिल्या हिवाळ्यातच परत जावंसं वाटेल, कारण नवीन देशात पहिलं वर्ष माणूस एकटाच असतो.

भीती वाटते याची लाज मात्र बाळगू नकोस. देवारीमच्या, म्हणजे तोराच्या (आपल्या धर्मग्रंथाच्या) पाचव्या पुस्तकाच्या, २० व्या अध्यायात लढाईच्या आधी सांगितलंय की ज्याला भीती वाटते त्याने घरी जावं, नाहीतर त्याच्या भावांचंही मन खचेल. त्याला शिक्षा नाही, कोणी नावं ठेवायची नाहीत. आणि दुसरीकडे मोशेने वचनाचा देश बघून यायला पाठवलेले ते बारा हेर आठव. दहा जणांनी येऊन सांगितलं की शहरं तटबंदीची आहेत, माणसं धिप्पाड आहेत, आणि यात खोटं काही नव्हतं. यहोशुआ आणि कालेव यांनीही तेच पाहिलं होतं, तरी ते म्हणाले जाऊया. मी यातून एवढंच घेते की माहिती पूर्ण घ्यायची, एकही गोष्ट झाकायची नाही, आणि मग ठरवायचं. म्हणून आता झाकून न ठेवता सांगते.

अश्दोदमध्ये सायरन वाजला की ४५ सेकंद असतात, अश्कलोनला त्याहून कमी. ४५ सेकंदात तुझी आई तिसऱ्या मजल्यावरून खालच्या मिक्लातपर्यंत, म्हणजे सगळ्यांच्या बॉम्ब शेल्टरपर्यंत, पोचणार नाही. म्हणजे घर ममाद असलेलंच घ्यायचं, ममाद म्हणजे घरातलीच जाड काँक्रीटची खोली, १९९१ च्या गल्फ वॉरनंतर नव्या बांधकामाला ती सक्तीची झाली, त्याआधीच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक नसते. भाडं जास्त पडेल. फर्निचर जुनं घे, गाडी घेऊ नको, पण यात काटकसर नाही. आई त्याच खोलीत झोपेल असं बघ म्हणजे रात्री तिला हलवायला लागणार नाही. जून २०२५ मध्ये इराणची मिसाईलं आली तेव्हा बिअरशेवाच्या सोरोका हॉस्पिटलवर एक पडलं, नुकसान खूप झालं, पण ज्या मजल्यांवर पडलं तिथले पेशंट आधीच हलवलेले होते. आपले रब्बी म्हणतात चमत्कारावर विसंबायचं नाही, ते मला त्या दिवशी कळलं. ज्याने ते बेड हलवायला लावले त्याचा विश्वास माझ्यापेक्षा कमी होता असं मी कधीच म्हणणार नाही.

सैन्य. तुझ्या वयाला काही नाही, पण मुलगी १८ ची झाली की तिचा नंबर येणार, मुलींना साधारण दोन वर्षं. हे आजच बायकोशी बोल. माझा मुलगा युद्धात मिलुइमला, म्हणजे राखीव सैन्यात, होता, फोन लागायचा नाही, मी रोज तेहिलीम, म्हणजे स्तोत्रं, वाचायचे आणि वाचताना हात थरथरायचे. दोन्ही एकदम होतं, विश्वास पण आणि थरथर पण, आधी भीती जाईल मग विश्वास येईल अशी वाट बघशील तर कधीच निघणार नाहीस आणि कधी शांतपणे राहणारही नाहीस.

आता ज्या भीतीबद्दल तू लिहिलं नाहीस ती. आपल्याला इथे आपलं मानतील का. आपल्या आधीच्यांनी हे सोसलंय. १९५१-५२ ला काही जणांना इथे इतका त्रास झाला, वर्णावरून ऐकावं लागलं, कामं मिळेनात, की ते धरणं धरून बसले, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून, आणि खरंच शंभरावर माणसं परत गेली. मग त्यातले बरेचसे पुन्हा आले. नंतर १९६० च्या दशकात रब्बिनेटने, म्हणजे लग्नं बघणाऱ्या इथल्या मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेने, बेने इस्रायलींच्या लग्नांवर शंका घेतली, पूर्वजांची चौकशी करा म्हणाले, आपले लोक जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसले, आणि १९६४ ला सरकार आणि क्नेसेट, म्हणजे इथली संसद, आपल्या बाजूने उभे राहिले आणि रब्बिनेटला माघार घ्यावी लागली. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण ही माणसं गप्प बसून देवावर सोडून मोकळी झाली नाहीत. आज अश्दोद, लोद, रामले, बिअरशेवा, दिमोना, कुठेही जा, मराठी ऐकू येतं, पोहे मिळतात, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाचा, गोड पोह्यांचा मलिदा घरोघरी होतो. तरी तुझ्या हिब्रूच्या उच्चाराला कोणीतरी दुकानात हसेल, ते धरून चाल.

पैशाचं आणि कागदांचं पटकन सांगते. पहिले सहा महिने साल क्लिता, म्हणजे नव्याने आलेल्यांना सरकारी मदतीचे पैसे, मिळतं, त्यात घर पूर्ण चालत नाही, म्हणून निदान सहा महिन्यांचा खर्च स्वतःचा हाताशी ठेव. उल्पान, म्हणजे हिब्रूचा वर्ग, फुकट आहे, साधारण पाच महिने, रोज सकाळी, आणि कितीही पैशाची ओढ लागली तरी ते अर्धं सोडून गोदामात कामाला जाऊ नको, इथे आलेल्या कितीतरी हुशार माणसांचं आयुष्य त्या एका घाईमुळे अडकलेलं मी बघते. अकाऊंट्सचं काम हिब्रूशिवाय मिळणार नाही आणि इथले टॅक्सचे नियम वेगळे, सुरवात खालून होईल. चार कुपात होलीम, म्हणजे आरोग्य विमा संस्था, आहेत त्यातली जिचा हाडांचा डॉक्टर घराजवळ बसतो ती घ्या, आईसाठी. जन्मदाखले, आईबाबांचा केतुबा (ज्यू लग्नाचा करार), सिनॅगॉगचं पत्र, पोलीस क्लिअरन्स, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), सगळं तिथेच पूर्ण कर. आणि भारत दोन नागरिकत्वं देत नाही, इथलं घेतलंस की भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, काढता येतं. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली ठेवता येते, म्हणून पेणकडच्या जमिनीचं जे काही वाटप व्हायचंय ते निघण्याआधी करून घे.

आणि राहायचं ठरवलंस तर? त्यालाही मी कमी समजत नाही. ठाण्याची शाआर हाशामाईम सिनॅगॉग १८७९ पासून उभी आहे, तिथे मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे, दहा पुरुष जमवणं किती कठीण झालंय ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तू त्यातला एक आहेस. मुलीला शेमाची प्रार्थना शिकवायची, दारफाळणीला (योम किप्पूरच्या उपासाला) सिनॅगॉग भरलेलं ठेवायचं, कोकणातल्या जुन्या दफनभूमींची देखभाल बघायची, हे ठरवून राहिलास तर ते राहणं विश्वासाचंच आहे. धोका तिथे नाही असंही समजू नको, २००८ ला मुंबईच्या ज्यू केंद्रावर, नरिमन हाऊसवर, दहशतवादी हल्ला झाला तेव्हा काय झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण "बघू, परिस्थिती निवळली की ठरवू" म्हणत आणखी पाच वर्षं काढणं, फाईल कपाटात आणि मन विमानतळावर, हे मला तुझ्यासाठी नको वाटतं. त्यात ना तू इथला होतोस ना तिथला, आणि मुलगी तेवढ्यात अकरा वर्षांची होते, मग तिला भाषा जड जाते.

म्हणून माझं मत असं. नवराबायको दोघं वेगवेगळं बसून लिहा की इस्रायलला येऊन काय उभं करायचंय, आणि ठाण्यात राहून काय उभं करायचंय. "काय टाळायचंय" हे लिहायचं नाही. ज्या कागदावर जास्त भरेल तो खरा. मग अलियाच्या आधी नुसतं टुरिस्ट म्हणून दोन-तीन आठवडे या, आईलाही आणा, तिला ममादमध्ये बसून बघू दे, बाजारात तिच्या वयाच्या बायकांशी मराठीत बोलू दे, आणि तिने नको म्हटलं तर ते तिचं नको ऐकून घ्या, तिच्यावर तोराच्या गोष्टी टाकू नका. शब्बाथला आमच्याकडेच जेवायचं, हॉटेलचा विचार करू नको. तारीख ठरली की कळव, शाळा आणि उल्पान दोन्ही दाखवायला घेऊन जाते.