ट्रायलला जाताना

अगं, मेकअप आर्टिस्टच्या नोकरीच्या मुलाखतीतल्या प्रश्नोत्तरांची एवढी धास्ती घेऊ नकोस. पार्लरवाल्या पाच मिनिटं बोलतात आणि थेट मॉडेल समोर बसवून मेकअप करायला लावतात, तीच ट्रायल. आधी हात धू, ब्रशवर ७० टक्क्यांचं अल्कोहोल मार. त्यांची नजर तिथेच असते. लिपस्टिक कांडीने थेट ओठांवर लावलीस की संपलं! स्पॅच्युलाने, म्हणजे छोट्या चपट्या पट्टीने, रंग मिसळायच्या पॅलेटवर काढून घे. फाउंडेशनची शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला बघ, तीही खिडकीच्या उजेडात. माझ्या पहिल्या ट्रायलला मी पिवळ्या दिव्याखाली शेड निवडली. फोटोत चेहरा पांढराफटक, मान सावळी. नोकरी अर्थातच नाही मिळाली. पोर्टफोलिओत फिल्टर मारलेले फोटो नकोत, सावळ्या त्वचेवरचं एक तरी काम हवं. आणि लग्नसराईत पहाटे चारला निघायचं तर रिक्षाचे पैसे कोण देणार, हे विचारूनच ऊठ.