पुण्यातल्या फ्लॅटमध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडची जुनी लाइव्ह मैफल बघायची आहे. शेजाऱ्यांना त्रास न देता खरी मजा कशी येईल?

सुरुवात त्यांच्या इटलीतल्या पॉम्पेईच्या रेकॉर्डिंगपासून करा. ऑक्टोबर १९७१ मध्ये तिथल्या रोमन रंगमंडलाच्या अवशेषांत, प्रेक्षकांविना ते चित्रित झालं. टाळ्या-शिट्ट्या नाहीत, त्यामुळे घरी एकट्याने बघतानाही काही उणं वाटत नाही. ‘वन ऑफ दीज डेज’ या गाण्यात ड्रमर निक मेसनकडे नीट बघा: वाजवता वाजवता हातातली काठी निसटते, तो लगेच दुसरी उचलतो आणि ठेका कुठेच तुटत नाही. मला त्या संपूर्ण चित्रणातला हा सगळ्यात जिवंत क्षण वाटतो.

आता आवाजाचं. टीव्हीच्या स्पीकरवर बास, म्हणजे खालचा खोल आवाज, जवळजवळ मरतोच. साउंडबार किंवा जुना ॲम्प्लिफायर असेल तर वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित मागे पडू शकतो आणि मग ड्रमचा फटका डोळ्यांना आधी दिसतो, कानांना नंतर ऐकू येतो. टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर जुनं फिल्मवरचं चित्रण मालिकेसारखं दिसतं.

सबवूफर (बासचा वेगळा स्पीकर) असेल तर तो कोपऱ्यात ठेवू नका, तिथे बास घुमतो. खाली जाड रबर घाला, म्हणजे स्लॅबमधून खालच्या काकूंकडे जाणारी धडधड बरीच कमी होईल. कोथरूड असो वा सदाशिव पेठ, रात्री दहानंतर मात्र वायरचा चांगला हेडफोनच लावा.