इंग्लंडमध्ये आईला घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलाय, वीजबिलासाठी सरकारी मदत मिळते का?

मिळते, आणि ती हक्काची आहे. एनएचएसतर्फे (तिथली सरकारी आरोग्यसेवा) मशीन मिळालं असेल तर त्याच्या विजेचा खर्च ऑक्सिजन पुरवणारी कंपनी परत देते. मशीनवरच्या मीटरचं रीडिंग घेऊन रक्कम ठरते. पैसे जमा होत नसतील तर कंपनीला आजच फोन करा, संकोच नको.

१५० पौंडांचा वॉर्म होम डिस्काउंट, म्हणजे वीजबिलातली सूट, मात्र फक्त आजारपणावर मिळत नाही, त्यासाठी उत्पन्नाशी जोडलेला भत्ता लागतो. आई पेन्शनच्या वयाच्या असतील तर पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठीचा असाच भत्ता, त्यांना मिळू शकतो का पाहा.

आणि वीज कंपनीच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये, म्हणजे जास्त मदत लागणाऱ्या ग्राहकांच्या यादीत, आईचं नाव घालाच. फुकट आहे. बिल कमी होणार नाही, पण ठरवून वीज बंद करणार असतील तर आधी कळवतात. ऑक्सिजनवरच्या माणसासाठी हे फार महत्त्वाचं आहे.