आईच्या स्मरणार्थ देणगी : संशोधनाला द्यावी की दवाखान्याला?

प्रश्न : माझ्या आईला लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि त्यामुळेच पुढे तिच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली. उतारवयात ठोके अनियमित झाल्यापासून ती रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेत असे. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी आम्ही तिला जळगावला नेत असू. येत्या महिन्यात तिचे वर्षश्राद्ध आहे. मोठी पंगत न घालता ती रक्कम हृदयरोगाच्या संशोधनाला द्यावी, असे मला वाटते. थोरले बंधू मात्र म्हणतात की, प्रयोगशाळेत गेलेला पैसा आपल्या माणसांच्या कामी येत नाही. त्यापेक्षा गावच्या दवाखान्याला ईसीजी यंत्र द्यावे. आपले मत कळवावे.
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : आपल्या मातोश्री जी गोळी घेत होत्या, तिचा इतिहास बंधूंना अवश्य सांगावा. १९३३ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी, बुरशी लागलेला चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली म्हणून, न गोठणारे रक्त दुधाच्या कॅनमध्ये भरून तेथील विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला. त्या चाऱ्यातील रक्त गोठू न देणारे द्रव्य शोधून काढण्यास आणि त्यापासून वॉरफरिन तयार होण्यास बरीच वर्षे लागली. या कामाला त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९२५ मध्ये उभारलेल्या ना-नफा प्रतिष्ठानाचे पाठबळ होते. १९५४ पासून हे औषध माणसांना दिले जाऊ लागले. झडप अरुंद झाली की डाव्या कर्णिकेवर, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यावर, ताण येऊन ती फुगते, एका लयीत आकुंचन पावण्याऐवजी थरथरत राहते, आणि तेथे साचलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायूचा झटका येतो. ही गुठळी होऊ नये म्हणून ती गोळी असते.

पुढे नव्या गोळ्या आल्या. सांधेतापाने झडप बिघडलेल्या आणि ठोके अनियमित झालेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर, भारतासह २४ देशांत, नवी गोळी आणि वॉरफरिनच्या वर्गातील जुनी गोळी यांची तुलना झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जुनी गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. या चाचणीला पैसा नवी गोळी बनवणाऱ्या कंपनीचाच होता, हेही सांगितले पाहिजे, म्हणून कंपनीचे संशोधन सरसकट त्याज्य मानण्याचे कारण नाही.

परंतु काही प्रश्न असे असतात की, ज्यांच्या उत्तरातून कोणाचाच धंदा होत नाही, आणि देणगीची खरी गरज तेथे असते. युगांडात इकोकार्डिओग्राफीने, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणाऱ्या तपासणीने, शाळकरी वयाच्या मुलांची तपासणी करून, कोणताही त्रास जाणवत नसताना झडपांवर सांधेतापाने होणाऱ्या रोगाच्या खुणा दिसू लागलेली ८१८ मुले निवडण्यात आली. त्यांतील निम्म्या मुलांना दर चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन देण्यात आले. दोन वर्षांनी इंजेक्शन घेणाऱ्यांत रोग वाढलेल्यांचे प्रमाण ०.८ टक्के, तर न घेणाऱ्यांत ८.२ टक्के आढळले. पेनिसिलीन इतके जुने आणि स्वस्त आहे की, त्यासाठी एवढा खर्च कोणती कंपनी करील? तो खर्च थ्रॅशर रिसर्च फंड या धर्मादाय निधीने आणि इतर देणगीदारांनी केला. आपल्या मातोश्रींना जो आजार लहानपणी जडला, तोच आजार आज एखाद्या मुलाच्या बाबतीत वाढण्याआधी थांबवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. हा पैसा आपल्या माणसांच्या कामी येत नाही, असे मी तरी म्हणू शकणार नाही.

ज्ञानासाठी दान देणे खानदेशाला परके नाही. अमळनेरच्या प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभारले, ते केवळ अभ्यासासाठीच. केरळात त्रावणकोरच्या राजघराण्याने १९७३ मध्ये दिलेल्या इमारतीतून तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था उभी राहिली आणि तिथेच भारतीय बनावटीची कृत्रिम झडप तयार होऊन १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला बसवली गेली.

रक्कम देण्यापूर्वी मात्र चौकशी करावी. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्त कार्यालयात आहे का, लेखापरीक्षण अहवाल ती दाखवते का, आणि कोणत्या संशोधनाला पैसा द्यायचा हे संस्थेबाहेरचे तज्ज्ञ ठरवतात की विश्वस्तच, हे विचारावे. रुग्णांवरील चाचणी असेल तर ती २००७ पासून सुरू असलेल्या भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली असली पाहिजे; ही नोंद कोणालाही पाहता येते. जी संस्था आपल्या फसलेल्या चाचण्यांचेही निष्कर्ष प्रसिद्ध करते, तिच्यावर मी अधिक विश्वास ठेवीन. रक्कम रोखीने न देता धनादेशाने द्यावी आणि ती नेमक्या कोणत्या कामासाठी आहे, हे सोबतच्या पत्रात लिहावे.

बंधूंची सूचनाही मोलाची आहे, कारण अनियमित ठोक्यांचे निदान ईसीजीनेच पक्के होते. त्यांनी दवाखान्यात जाऊन एवढेच विचारावे की, यंत्र आधीपासून आहे का, पट्टी काढणारा प्रशिक्षित कर्मचारी रोज असतो का, ती वाचून औषध कोण ठरवणार आणि कागदाच्या रोलचा खर्च पुढे कोण करणार. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली तर रकमेचे दोन भाग करावेत. न मिळाल्यास संपूर्ण रक्कम संशोधनाला द्यावी.