‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणणाऱ्यांसाठी

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : “मॅडम, हे आमच्या रक्तातच आहे. गोळ्या-पथ्यानं काय होणार?” बडोद्यात समुपदेशक म्हणून गेली अनेक वर्षं मी हेच ऐकते आहे, म्हणून एका काकांबद्दल लिहिते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

दांडिया बाजारात राहणारे निवृत्त गणित शिक्षक. वडील आणि थोरले चुलते, दोघंही साठीच्या आत हृदयविकारानं गेलेले. झटक्यानंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, पण काका जिना उतरायला तयार नव्हते. गोळ्याही मनाला येईल तेव्हा सोडायचे. काकू म्हणायच्या, “अहो, निदान गॅलरीत तरी बसा.” त्यावर उत्तर ठरलेलं, “नशिबात आहे ते टळतं का?”

धीर देणारे घरात पुष्कळ होते. काकांना धीर नको होता, त्यांच्या तर्काला उत्तर हवं होतं. घटनेपेक्षा तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त खचवतो, असं माझं ठाम मत आहे. मी तो अर्थच तपासायला घेतला.

त्यांच्या फाइलमध्ये ‘एनटी-प्रोबीएनपी’ या रक्ततपासणीचा आकडा लाल पेनानं गोल केलेला होता.

“हा कशाचा आकडा, काका?”

“हृदय हरत चाललंय त्याचा.”

मी समजावून सांगितलं. झटक्यात काही स्नायू मरतो आणि उरलेल्यावर ताण येतो. त्या ताणानं, आईच्या पोटात असताना जोरात चालणारी आणि जन्मानंतर मंदावलेली काही जनुकं पुन्हा जागी होतात. बीएनपी या हृदयातल्या संप्रेरकाचं जनुक त्यातलंच. हे संप्रेरक मूत्रपिंडांना जादा मीठ-पाणी बाहेर टाकायला लावतं, रक्तवाहिन्या सैल करतं. त्याच्यासोबत सुटणारा तुकडा रक्तात मोजतात, तोच हा आकडा.

“हे जनुक झटक्याच्या आदल्या दिवशी तुमच्यात होतं?”

“होतं की. जन्मापासून.”

“मग आकडा आत्ताच का वाढला?”

काका पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मीही बोलले नाही. “जनुक तेच,” ते सावकाश म्हणाले, “ताण आला म्हणून जोरात चालू झालं. म्हणजे ताण कमी केला तर...?”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं नव्हतं, आणि म्हणूनच ते टिकलं. त्या आठवड्यात काका जिना उतरले. पुढे कमाटी बागेपर्यंत जाऊ लागले.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर एवढं ध्यानात ठेवा. मेलेल्या स्नायूच्या जागी काही आठवड्यांत घट्ट व्रण तयार होतो, पण उरलेल्या स्नायूचा आकार बदलणं महिनोन्‌महिने चालू राहू शकतं. डावा कप्पा पसरत जातो, पंप कमजोर होतो. रामिप्रिलसारख्या गोळ्या आणि बीटा ब्लॉकर हा ताण कमी करून ते पसरणं रोखायला मदत करतात. बरं वाटतंय म्हणून त्या परस्पर बंद करू नका. चालणं किती आणि कधी, हे डॉक्टरांनाच विचारा.

आपल्या मुलांनाही हे होईल अशी धास्ती रुग्णाला वाटत असेल, तर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, ५५ हजारांहून अधिक लोकांचा अभ्यास त्यांना सांगा. आनुवंशिक धोका सर्वाधिक असलेल्यांमध्येही तंबाखू न ओढणारे, नियमित व्यायाम करणारे, वजन आणि आहार सांभाळणारे जे लोक होते, त्यांचा हृदयविकाराचा धोका तसं न करणाऱ्यांपेक्षा जवळजवळ निम्म्यानं कमी होता. काकांनी हे ऐकलं आणि मुलाला कोलेस्टेरॉल तपासायला स्वतः घेऊन गेले.

आणि पावलांना सूज, आडवं झाल्यावर धाप, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, तर समुपदेशकाची वेळ घेऊ नका. थेट डॉक्टरांना फोन करा.